मधलं दार

या, जरा जवळ सरका, चित्त इकडे द्या. पेकिंगच्या राजवाड्याच्या मुख्य दरवाज्याची गोष्ट सांगतो. ऐकताना शेजारच्याचा हात धरावासा वाटला, तर खुशाल धरा.

त्या दरवाज्याचं मधलं दार एकट्या बादशहाचं. दिवाणानेसुद्धा बाजूच्या दारानेच जायचं. फक्त दरबारी परीक्षेत पहिले आलेले तिघे निकालाच्या दिवशी मधल्या दारातून बाहेर पडत, तेही जन्मात एकदाच.

ल्वो गांग त्या दारावरचा पहारेकरी. आईबापांमागे धाकट्या भावाला, छीला, त्याने राळ्याच्या पेजेवर वाढवलं. तो छी यंदा तिसरा आला!

"भाऊ आता पालखीत बसणार. तू त्याचे जोडे उचल," जोडीचा म्हातारा पहारेकरी फान म्हणाला.

"त्याचं हगणं उचललंय मी, फानकाका. जोड्यांचं काय घेऊन बसलात!"

वर नगारा वाजला. कवाडं उघडली. लांब अंधाऱ्या कमानीतून पहिले दोघे सरळ चालत आले. छी मात्र मध्येच थबकला. कुणी हाक मारावी तसं त्याने मागे पाहिलं. मग बाहेर आला आणि भावाजवळून परक्यासारखा पुढे गेला.

एवढा मान मिळाला, भान सुटलं असेल, असं गांगला वाटलं.

संध्याकाळी छी घरासमोर येऊन नुसता उभा राहिला. दाराची एकच फळी उघडी होती. गांगने दुसरी उघडली तेव्हा आत आला. चुलीवरून उतरलेली पेज तो एका दमात प्यायला. ओठ भाजले नाहीत. "दादा" म्हणून हाक मारली नाही. महिन्याभरात नेमणूक घेऊन दक्षिणेला गेला, निरोपसुद्धा न घेता.

आणि एका दुपारी, लख्ख उन्हात, बंद कवाडांमागून खोकला आला.

"दादा, दार उघड ना. इथे गार आहे."

गांगचा हात कवाडाकडे गेला. फानने मनगट पकडलं.

"मान जड झालीय का रे? हुकमाशिवाय ते उघडलंस तर डोकं जाईल. आत कुणी नाही, पलीकडच्या पहाऱ्याला विचारून आलोय."

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

फानने मनगट सोडलं नाही.

बादशहा आला, गेला. दार उघडलं, मिटलं. आत कुणी दिसलं नाही. मिटल्यावर पुन्हा तोच खोकला. पुढच्या परीक्षेपर्यंत असंच चाललं.

या खेपेला तिसरा आला होता मेंग शू, एका म्हाताऱ्या कारकुनाचा मुलगा. कमानीत तो थबकला.

"मागे पाहू नकोस!" हे गांगच्या अगदी ओठांवर आलं.

त्याने ते गिळलं.

मेंग शूने मागे पाहिलं. मग बाहेर आला, गांगसमोर थांबला. चेहरा अनोळखी.

"दादा," तो म्हणाला, "भूक लागलीय."

पलीकडून म्हातारा कारकून हात पसरून धावत होता. "शू! बाळा!"

पोराने मान वळवली नाही.

कवाडं मिटली.

दुसऱ्या दिवशी आतून कुणीतरी हळूच विचारलं, "बाबा आलेत का?"

गांग भाल्याला टेकून उभा राहिला. फानने या वेळी त्याचा हात धरला नाही.

मायबाप हो, उठण्याआधी एवढंच मागणं. देवापुढे दिवा लावाल तेव्हा मेंग शूचं नाव घ्या. त्याला अजून कुणी ओ दिलेली नाही.