पिकअपचं पुस्तक

सकाळी आठला शिवगंगाबाई चहा घेऊन शेडमध्ये गेल्या आणि किंचाळल्या. त्यांचे यजमान, मुरुमचे डाळीचे व्यापारी वीरप्पा, जुन्या पिकअपपाशी पडले होते. कवटी फुटलेली. रक्त मडगार्डपर्यंत उडालेलं. बाजूला चाकाचा पाना.

सहायक निरीक्षक दीपमाला सुरवसे आल्या, तेव्हा माश्या घोंगावत होत्या.

"काय काय गेलंय?"

"पुस्तक. ह्या गाडीच्या दुरुस्तीचं," शिवगंगाबाई म्हणाल्या. "सासऱ्यांची गाडी. ह्ये दोन वर्षं पुस्तक हुडकत होते, काल पार्सलनं आलं. सांजच्याला वाचता वाचता हसले. म्हणले, डाव्या चाकाचं कोडं सुटलं."

"कसलं कोडं?"

"आठ दिवसांमागं नंदीश मिस्त्रीनं डावं चाक खोलताना तीन बोल्ट मोडले. लई वाजलं दोघांचं."

"पुस्तक आल्याचं कुणाला ठाऊक?"

"जळकोटच्या रणधीरला. त्याच्याकडं असल्याच गाडीचा सांगाडा हाय. रात्री फोनवर भांडला, पुस्तक दे म्हणून."

दुपारी दोघांनाही शेडमध्ये बोलावून घेतलं.

"भांडलो, व्हय," रणधीर म्हणाला. "पण मुरुमला आलोच न्हाय."

"नंदीश, तू?"

"आठ दिवसांत इकडं पाय ठेवला न्हाय, मॅडम. पुस्तक आलं हेबी आत्ताच कळतंय."

दीपमालांनी त्याच्या हातात दुसरा पाना दिला. "मागचं डावं चाक खोल."

नंदीशनं पाना लावला, उजवीकडं दाबला. नट सुटला.

"बस. एरवी नट डावीकडं फिरवला की सुटतो. या गाडीच्या डाव्या बाजूचे आटे मात्र उलटे आहेत. तुला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तू बोल्ट मोडलेस. आज न अडखळता उजवीकडं फिरवलास. वीरप्पांना ही गोष्ट कालच पुस्तकातून कळली. त्यानंतर त्यांचा फोन फक्त रणधीरशी झालाय. तुला कुणी सांगितलं? आज सकाळी तू इथं होतास."

नंदीशच्या हातातला पाना भिरभिरत आला. दीपमाला वळल्या, घाव डोक्याऐवजी खांद्यावर बसला, हाड वाजलं. हवालदार ज्ञानोबांनी नंदीशला जमिनीवर आपटून त्याच्या पाठीत गुडघा रोवला. त्याच्या मोटरसायकलच्या पिशवीत पुस्तक सापडलं. पानं रक्तानं चिकटलेली.

"अवजारं न्यायला आलो होतो," तो मातीत तोंड खुपसून म्हणाला. "शेठनं आधी नट कसा सुटतो ते दाखवलं. मग पुस्तकातला गिअरबॉक्सचा नंबर दाखवला, गाडीतल्याशी जुळत नव्हता. मूळचा गिअरबॉक्स म्या विकून दुसरा बसवला होता. म्हणले, पोलिसात देतो."

शिवगंगाबाई पुढं आल्या. "पहिल्याच घावात गेले का रे?"

"न्हाय, काकू. पाणी मागितलं."

"दिलंस?"

नंदीशनं डोळे मिटून घेतले.