अठ्ठेचाळीसच्या वर नेऊ नका

माणूस मरतो, पण त्याची जागा मरत नाही. हे त्रिकालाबाधित सत्य आहे.

मलेशियातल्या पेनांगमधली पार्किंगची जागा सोडून. ती त्याच संध्याकाळी दुसरा कुणीतरी घेतो.

पण त्याच पेनांगमधल्या जॉर्जटाऊनच्या एका डायलिसिस केंद्रात हे सत्य शब्दशः खरं ठरलं. ज्या मुलीनं ते पाहिलं ती अजून तिथंच नोकरीला आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा.

गेल्या वर्षीचा, चिनी पंचांगातला सातवा महिना. भुतांना मोकळीक असते तो. मंगळवार, दुपारचे एक चाळीस.

वेळ भयकथेला शोभत नाही, हे मान्य. पण केंद्र संध्याकाळी बंद होतं. तिथं यायचं तर भुतालाही वेळ पाळावी लागते.

ही मुलगी, खोर पेक सिम, केंद्राचा सर्व्हर सांभाळायची. तिच्या आधी तिओह अंकल सांभाळायचे. ते मार्चमध्ये वारले.

सर्व्हरवर डेटाबेस असतो. सगळ्या नोंदी त्याच्या पोटात. या प्राण्याला पोट आहे, पण 'पुरे' म्हणणं ठाऊक नाही. दिसेल तेवढी मेमरी गिळतो आणि बाकीच्या कामांचा श्वास कोंडतो. म्हणून त्याला मर्यादा घालावी लागते. सर्व्हरची मेमरी चौसष्ट जीबी. अंकलनी मर्यादा घातली होती अठ्ठेचाळीसची. बाकीच्या कामांना सहा भरपूर.

म्हणजे दहा जीबी वर्षानुवर्षं नुसते पडून होते.

मर्यादेच्या आकड्याशेजारी अंकलची एक ओळ होती. "वर नेऊ नका. रिकामं दिसतं, तेवढ्यावर जाऊ नका."

मॅनेजर कुलसेगरन यांनी ती मोठ्यानं वाचली आणि पोट धरून हसले.

"कोण बसलंय तिथं?"

"कुणी नाही, बॉस."

"मग घे की! चौसष्ट घेतलीय ती काय पूजेला? एक अहवाल काढायला तुला अर्धा तास लागतो. तोवर माझं जेवण होऊन ढेकर येतो."

सोमवारी संध्याकाळी पेक सिमनं मर्यादा अठ्ठावन्न केली. अहवाल झरझर निघाले. कुलसेगरननी खूश होऊन तिला स्वतःच्या हातानं कॉफी आणून दिली.

एवढं अघटित घडूनही तिला शंका आली नाही.

मंगळवारी दुपारच्या पाळीला तिचे वडील आले. सात नंबरच्या खुर्चीवरचे जुने पेशंट. शनिवारची पाळी त्यांनी बुडवली होती, कारण गल्लीत कोताई होती. मेलेल्यांसाठी रस्त्यावर मांडव घालून गाणी म्हणतात, ती.

"पा, मरायचंय का तुम्हाला?"

"मेलो तर पुढची रांग मिळेल, मोई. दुसऱ्या रांगेतून गायिकेचे पाय दिसत नाहीत."

विनोद पुरा होईपर्यंत त्यांना तीनदा धाप लागली.

गुरुवारनंतर रक्त साफ झालं नव्हतं. पाय भोपळ्यासारखे सुजले होते. ओठ काळपट. सिस्टर रोहायूनं एका नजरेत ओळखलं.

"छातीत पाणी चढतंय अंकल. तोंड बंद. आधी काट्यावर, मग मशीन. अर्धा तासही थांबायचं नाही."

इथली पद्धत अशी. पेशंट वजनकाट्यावर उभा राहतो. काटा वजन डेटाबेसला कळवतो. डेटाबेस खुर्ची देतो. तेव्हाच मशीन सुरू होतं.

पा काट्याकडे निघाले.

टुंग...

काटा वाजला.

पा अजून चार पावलं लांब होते.

काट्यावर कुणीच नव्हतं.

पडद्यावर ओळ उमटली. पेशंट ०११७. वजन शून्य. खुर्ची सात, भरलेली.

"काटा बिघडला," पेक सिम म्हणाली. "रोहायू कक, पांना दुसरी खुर्ची द्या."

टुंग...

खुर्ची आठ, भरलेली.

टुंग... टुंग...

नऊ. दहा.

अकरा वेळा काटा वाजला. दुपारच्या पाळीच्या अकराही खुर्च्या भरल्या. पांच्या मागे दहा पेशंट रांगेत उभे होते. समोर अकरा मोकळ्या खुर्च्या होत्या आणि एकही मशीन सुरू व्हायला तयार नव्हतं.

"अस्तगफिरुल्ला," रोहायू पुटपुटली. "हातानं सुरू करायचं तर डॉक्टरची सही लागते. डॉक्टर पुलापलीकडे बटरवर्थला. यायला तास लागेल."

पांकडे तास नव्हता.

पेक सिम सर्व्हरच्या थंडगार खोलीत धावली.

मेमरी शिल्लक... शून्य.

डेटाबेसनं अठ्ठावन्न घेतलेली. बरोबर. उरलेली सहा कोण खातंय? तिनं एकेक काम तपासलं. सगळी मिळून दोनसुद्धा भरत नव्हती.

बाकीची चार कुणाच्याच नावावर नव्हती.

मग तिनं डेटाबेसला या घडीला कोण कोण जोडलंय ते पाहिलं. केंद्रातले संगणक होते. आणि त्यांच्याखाली अकरा ओळी. संगणकाचं नाव नाही. वापरणाऱ्याचं नाव नाही.

अकराही जण एकच प्रश्न विचारत होते.

आज माझी पाळी किती वाजता?

उत्तर येत नव्हतं. ते पुन्हा विचारत होते. पुन्हा... पुन्हा...

तिनं ०११७ ची फाइल उघडली. तीन वर्षांपूर्वी, पेशंट वारल्यावर बंद झालेली. शेवटची खुर्ची सात.

ती बाहेर आली तेव्हा पा बाकावर पुढे झुकून बसले होते. आडवं झालं की श्वास अडकत होता.

"काय... झालं, मोई?"

तिनं सांगितलं. घाबरलेल्या माणसानं सांगावं तसं, भराभर, सगळंच. दहा जीबी, अंकलची ओळ, कुलसेगरनचं हसणं. रिकामंच होतं, म्हणून घेतलं.

पांनी डोळे मिटले.

"रिकामं..." ते म्हणाले. "लहानपणी... कोताईला... कान कुणी पिळला होता तुझा?"

"तुम्ही."

"कशाबद्दल?"

पेक सिमला आठवलं.

पुढच्या रांगेत बसली होती ती. सहा वर्षांची. सगळ्या खुर्च्या मोकळ्या दिसल्या म्हणून जाऊन बसली होती. ती रांग पाहुण्यांची असते. सातव्या महिन्यात हे पेनांगच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तिनं, संगणकाची पदवी घेऊन, नेमकं तेच पुन्हा केलं होतं.

ती मागे धावली. मर्यादा पुन्हा अठ्ठेचाळीस.

पण खाल्लेलं डेटाबेस लगेच सोडत नाही.

अठ्ठावन्न.

सत्तावन्न...

बाहेरून रोहायूची हाक आली. "लवकर गं! नखं निळी पडलीत!"

चोपन्न.

एक्कावन्न...

तिथं आकडा अडला. हलेना. पेक सिमनं त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

"अंकल, चुकले. त्यांची जागा त्यांना दिलीय. माझ्या पांची द्या."

पन्नास. एकोणपन्नास.

अठ्ठेचाळीस.

टुंग...

अकरा वेळा. सावकाश. जणू एकेक जण काट्यावरून खाली उतरत होता.

खुर्ची सात, मोकळी.

पांना बसवलं. मशीन फिरायला लागलं. तासाभरानं ओठांना रंग आला आणि पांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "आज सूप आहे की परत तो बिस्किटाचा पुडा?"

काट्याची तपासणी झाली. काटा ठणठणीत. तारा बदलल्या. सर्व्हर बनवणाऱ्यांचा माणूस येऊन गेला. त्याला काहीच सापडलं नाही. कुलसेगरन अजून अधूनमधून विचारतात, ते दहा जीबी कशाला ठेवलेत.

"राखीव आहेत, बॉस."

"कुणासाठी?"

ती पडदा त्यांच्यापासून वळवते. कारण सातवा महिना कधीच संपलाय. तरी रोज दुपारी एक चाळीसला ते दहा जीबी भरतात. बरोबर चार तास भरलेले राहतात. एका डायलिसिसला लागतात तेवढेच. पाच चाळीसला रिकामे होतात. त्या चार तासांत ती सर्व्हरच्या खोलीत एकटी जात नाही.

परवा मात्र जावं लागलं. तिथल्या पडद्यावर तिचं सहज ०११७ च्या फाइलकडे लक्ष गेलं.

बंद फाइल. आता चार वर्षं जुनी. त्यात परवाचीच, एक चाळीसची, नवीन नोंद होती. वजन शून्य. आणि पेशंटच्या सूचनेचा रकाना, जो कुणीच कधी भरत नाही, तो भरलेला होता.

"एसी जरा कमी करा. पाय गार पडतात."