कार्ड नाकारलं

हे कुणी रचून सांगितलेलं नाही. ज्याच्यासोबत घडलं, तो मुबीन आजही तिथेच कामाला आहे.

घाटनांदूरजवळचं मुलींचं वसतिगृह. फेब्रुवारीतला मंगळवार, संध्याकाळचे सव्वापाच.

मुबीन तिथला वायरमन. वीज वाचावी म्हणून संस्थेने विजेचा मीटर, नळाचं पाणी, दारांची कार्डं आणि हवेतल्या श्वासावरून माणसं मोजणारं यंत्र, सगळं त्याच आठवड्यात एका स्क्रीनवर आणलं होतं.

आधी प्रत्येक गोष्टीला कारण सापडायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या स्टोअररूमचा पंखा फिरतोय... मीटर बिघडला असेल. पाणी जातंय... नळ गळत असेल.

आता सगळं एकाच ओळीत दिसलं.

रोज सव्वापाच. कार्डाने दार उघडतं. नळ वाहतो. पंखा फिरतो. आत... एक माणूस.

कार्ड शाईस्ताचं होतं.

मुबीनची बायको. इथेच झाडलोट करायची आणि याच वेळेला त्या खोलीत नळावर हातपाय-तोंड धुऊन, वजू करून, नमाज पढायची.

"नमाज पढतीस का झोपतीस गं?" तो चिडवायचा.

"या की एकदा बघायला," ती म्हणायची.

तो कधी गेला नाही.

तिला जाऊन सहा महिने झाले होते. कार्ड घरी पेटीत, तिच्या ओढणीत गुंडाळलेलं होतं.

मुबीन धावत वर गेला. खोलीत कुणीच नव्हतं. बेसिन मात्र ओलं होतं...

फोन वाजला. खालून ऑफिसातला क्लार्क हरिओम बोलत होता.

"मुबीनभाई, तुमच्यासंगं आत अजून कोन हाय? स्क्रीन दोन दाखवतीय."

मुबीन तसाच खाली पळाला.

व्यवस्थापक मोहनराव वैतागले. "मेलेल्या मानसाचं कार्ड चालू कावून ठिवलं? आजच बंद करा."

मुबीन लई घाबरला होता. त्याने स्वतःच्या हाताने ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

कार्ड नाकारलं.

कार्ड नाकारलं.

कार्ड नाकारलं...

दाराबाहेर कोण ताटकळतंय, ते त्याला कळलं. तो जिने चढत सुटला आणि आपल्या कार्डाने दार उघडून धरलं.

"ये शाईस्ता. चुकलं माझं."

कुणी आलं नाही. नळही कोरडाच राहिला.

त्याने तिचं कार्ड लगेच पुन्हा चालू केलं. ते परत कधी दाराला लागलं नाही. ती रुसून गेली, की आपणच तिला हाकललं? हा विचार त्याला आजही झोपू देत नाही.

रोज सव्वापाचला तो त्या खोलीत जाऊन बसतो. थोड्या वेळाने खाली फोन लावतो.

"हरिओम, किती दाखवतंय?"

"...एकच, मुबीनभाई."

तरी तो दार उघडंच ठेवतो.