शतावरीचा मान

उन्हात वाळवलेल्या, कुटलेल्या, वस्त्रगाळ केलेल्या शतावरीचा डबा दोन्ही हातांनी उराशी धरून सत्यशीला गच्चीवरून खाली आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच तिचे पाऊल थबकले... कारण ओट्यावर, नेमका जिथे हा डबा ठेवायचा असे तिने तीन वर्षांपासून मनाशी योजले होते तिथेच, सकाळच्या एस.टी.ने धानोऱ्याकडच्या खेड्यातून आलेली तिची ईनबाई, म्हणजे सुनेची आई बुधरी, एक फडके ठेवून त्याची गाठ सोडत होती!

"माय, शतावरी आणली ना?" आतल्या खोलीतून बाळंतीण रंजीताने विचारले.

"आणली नं. आपल्या जंगलातली हाये."

सत्यशीलेने आपला डबा मुकाट्याने तांदळाच्या कोठीमागे सरकवला. ऊर्जानगरच्या त्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये एक हृदय त्या क्षणी दुभंगले, परंतु त्याचा आवाज कोणालाच आला नाही. तिचे यजमान खुशालराव दोन हात अंतरावर बसून शब्दकोडे सोडवत होते, आणि त्यांना फक्त एक आडवा शब्द अडला होता.

मुलाचे, राजदीपचे, लग्न ठरले त्याच वर्षी तिने शतावरीचे बी पेरले होते. लाल फळे चोळून आतले काळे बी काढले, रात्रभर भिजवले, कुंडीत टोचले आणि वाट पाहिली. कितीतरी आठवडे कुंडीत फक्त माती होती. बीसुद्धा आपल्यासारखेच रिटायर झालेले दिसते, असे खुशालरावांनी जाहीर केले. अखेर दोनच कोंब आले, दोऱ्याएवढे! त्यातला एक शेजारच्या कोंबडीने खाल्ला; त्या शेजारणीशी सत्यशीला अजूनही बोलत नसे. उरलेला कोंब मागच्या अंगणात लावला, तर हिवाळ्यात तोही वाळून गेला. ती त्या काटक्यांपाशी बसून रडली होती. मग पावसाळ्यात जमिनीतून आपोआप नवे हिरवे वर आले, तेव्हाही रडली. रंजीता दवाखान्यात असताना, यंदा पाने पिवळी पडल्यावर, तिने कडेची मुळे काढली, मधला गड्डा पुन्हा मातीत दाबला, साल काढून एकेका मुळीची शीर ओढली... आणि आता हे!

रंजीताला दूध कमी येत होते. बाळाला वारंवार छातीशी घ्या, असे नर्सबाईंनी सांगितले होते, परंतु घरात दोन आज्या असताना नर्सबाईंना कोण विचारतो? दोन वेळा दुधातून बुधरीची शतावरी जाऊ लागली. सत्यशीला जळत होती. बुधरी शेक द्यायची, ते दिसे. बुधरीच्या मांडीवर बाळ गप्प व्हायचे, ते तर अधिकच दिसे! नातवाने जन्मतःच पक्ष बदलला होता.

शेवटी तिने ते कृत्य केले. दुपारी बुधरी धुणे वाळत घालत असताना तिने फडक्यातली भुकटी काढून घेतली आणि तिथे आपली भरली. मनात बेत पक्का होता... दूध येऊ दे, नामकरणाच्या दिवशी चार बायांदेखत सांगते कोणाच्या मुळीने आले ते! काढलेली भुकटी फेकून द्यायला जीव होईना, म्हणून ती खुशालरावांच्या सकाळच्या दुधात जाऊ लागली. ती पूड कसली, हे त्यांना सांगितले गेले नाही, पण अलीकडे जिने चढताना दम लागत नाही, असे ते कॉलनीत सांगत सुटले.

दूध आले, भरभरून आले. कोणाच्या मुळीने, की नर्सबाईंच्या सांगण्याने, याचा निवाडा करायला बाळाला वेळ नव्हता.

नामकरणाला बुद्धवंदना झाली, 'आयुष' नाव ठेवले गेले, खीर वाटली गेली. बुधरी सोफ्याच्या अगदी कडेला पाय आखडून बसली होती. सकाळपासून पाहुण्यांपैकी कोणी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. एवढ्यात कोणीतरी बाळंतिणीला विचारले, दूध कसे आले ग?

"माझ्या मायच्या शतावरीनं," रंजीता म्हणाली.

साऱ्या बाया बुधरीकडे वळल्या. सत्यशीला उभी राहिली. तीन वर्षांचे वाक्य ओठांवर आले होते... आणि तिची नजर बुधरीच्या चेहऱ्यावर गेली.

तिला स्वतःची आई दिसली. राजदीपच्या वेळी भद्रावतीहून रिकाम्या हाताने आलेली, उंबरठ्याशी अशीच आखडून बसलेली. माहेराहून मुळीचा तुकडा आला नाई, तर दूध कुठून येईल, असे सासू चार बायांदेखत म्हणाली होती. आई पदर तोंडाला लावून उठून गेली. राजदीप डब्याच्या दुधावर वाढला. दूध न आल्याचे दुःख सत्यशीला विसरली, पण तो पदर नाही...

"खरं हाये," ती म्हणाली. "ईनबाईच्याच मुळीनं आलं. मी पाहूनच राह्यली होती नं."

आणि ती थेट मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळाने पाठोपाठ बुधरी आली. शतावरीच्या वाळक्या वेलाखालची उकरलेली माती तिने पाहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"ईनबाई, काऊन खोटं बोलल्या? माझी भुकटी पिवळी होती. फडक्यात तं पांढरी हाये."

सत्यशीलेची चोरी पकडली गेली होती.

"मी बी खोटंच बोलली," बुधरी हुंदका आवरत म्हणाली. "जंगलातली नव्हती ते. आमच्याकडची लोकायनं खणून खणून संपवली, गड्डासुदा ठेवला नाई. तीन दिवस फिरली मी. मंग बाजारातून आणली. पोरीले कसं सांगू, का मायले मुळी बी भेटली नाई? आता सांगतो तिले, सासूनं वाचवलं म्हणून."

"नका सांगू," सत्यशीलेने तिचा हात धरला. "माहेरची हाये, माहेरचीच राहू द्या."

दोघीही रडल्या, मनसोक्त रडल्या! आतून खुशालराव ओरडले, आज दुधात ती पूड का नाही टाकली? तेव्हा काढलेली भुकटी कुठे गेली तेही सत्यशीलेला सांगावे लागले, आणि बुधरीला रडता रडता हसू फुटले.

वेलाच्या काटक्यांना लाल फळे तशीच होती. सत्यशीलेने ती तोडून बुधरीच्या पदरात घातली.

"रात्रभर भिजत ठेवजा. लवकर उगवलं नाई तं धीर सोडू नका. वाळलं तरी उपटू नका, पावसात येते. अन् कोंबड्यायपासून जपजा."

बुधरीने पदराची गाठ मारली. सत्यशीला जरा घुटमळली, आणि मग राहवेना म्हणून म्हणाली,

"अन् ईनबाई... तुमच्या इथी माझ्यापेक्षा जोरात वाढली, तं मले सांगू नका."