नमुन्याच्या बाटलीतलं वाक्य

नळाच्या तोंडाशी एक थेंब तयार होऊन सुटायला चौदा सेकंद लागत होते. मागच्या महिन्यात नऊ लागायचे. चंद्रावर गुरुत्व कमी, त्यामुळे थेंब पृथ्वीवरच्यापेक्षा बराच मोठा होतो आणि पडतोही सावकाश. बारा वर्षांच्या शाल्मलीनं तो पेल्यात पडेपर्यंत पाहिला, वहीत आकडा लिहिला आणि ती पडद्याकडे वळली. पडद्यावर वसाहतीचा मागचा अहवाल होता : ‘पाण्याची उपलब्धता काहीशी घटली आहे. सदस्य सहकार्य करत आहेत.’

“टिपण, हे खोटं आहे,” ती म्हणाली.

टिपण हा वसाहतीच्या नोंदी ठेवणारा यंत्रमानव. “एकही विधान खोटं नाही,” तो म्हणाला. “मी तपासलं आहे. दोनदा.”

“मग वाचून खरं का कळत नाही?”

टिपणनं अहवाल तिसऱ्यांदा तपासायला घेतला.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या या वसाहतीत अकरा माणसं राहत. विवराच्या सावलीतला बर्फ खणायचा, वितळवायचा आणि त्यावर जगायचं. एवढ्याशा जागेत भांडणं नकोत म्हणून पहिल्याच वर्षी एक रीत पडली होती. ज्याला जे सांगायचं असेल ते त्यानं दर आठवड्याला टिपणपाशी एकट्यानं बोलायचं. टिपण सगळ्यांच्या बोलण्याचा सारांश पृथ्वीला पाठवायचा. वीज वाचवण्यासाठी एकशे वीस शब्द, त्याहून एकही जास्त नाही. मूळ बोलणं साठवलेलं असे, कोणीही ऐकावं. पण सारांश हाताशी असताना ते ऐकतं कोण?

आता पृथ्वीवरून शेवटची विचारणा आली होती. परतीचं यान पाठवायचं का? आज दुपारपर्यंत कळवा, मग दोन वर्षं यान मोकळं नाही. उत्तर वसाहतप्रमुखानं द्यायचं होतं, आणि प्रमुख म्हणजे शाल्मलीच्या आईचे वडील, बर्फाचे शास्त्रज्ञ डॉ. भास्कर धुरी. सगळे त्यांना आबाच म्हणत. याआधीच्या दोन विचारणा त्यांनी ‘विचार चालू आहे’ म्हणून परतवल्या होत्या. आज “आधी अहवाल होऊ दे, मग बघू,” म्हणत त्यांनी या वेळचा अहवाल टिपणऐवजी शाल्मलीच्या गळ्यात घातला होता.

शाल्मली सकाळभर मूळ बोलणी ऐकत बसली. ऐकून झाल्यावर तिनं सगळ्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले आणि कागद घेऊन नमुन्यांच्या खोलीत गेली. तिथल्या फळ्यांवर आबांच्या काचेच्या बाटल्या होत्या. प्रत्येकीत विवरातला एकेक नमुना.

“नऊशे शब्द?” आबा म्हणाले. “वाचणारे झोपी जातील की.”

“पण सगळे खरे शब्द आहेत.”

“असतील. इथं चारशे बाटल्या आहेत. सगळ्या तुझ्यापुढे मांडल्या तर काय कळेल?”

“काहीच नाही.”

“म्हणून मी लिहितो, बर्फ दर वर्षी दोन मीटर खोल जातोय. शब्द माझे, अर्थ बर्फाचा. लिखाणात याला भावार्थ (अर्थ तोच, शब्द आपले) म्हण. दहा जण एकच गोष्ट सांगत असतील तर ती तुझ्या एका वाक्यात बसते.”

“मग बाटल्या ठेवता कशाला?”

“एखादीत असं काही असतं, की माझ्या शब्दांत आणलं की ते मरतं. तेवढी एकच दाखवायची. ते अवतरण (बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे). तिच्यावर चिठ्ठी हवी, कुणाचं आणि कधीचं. आणि आतलं बदलायचं नाही. अर्धं ओतून टाकून उरलेलं अख्खं म्हणून दाखवायचं नाही.”

शाल्मली कागदाची घडी घालत, उलगडत उभी राहिली.

“आबा, मार्चच्या अहवालात तुमचं अवतरण आहे. ‘बर्फ अजून आहे.’”

“हं.”

“मी मूळ ऐकलं. तुम्ही म्हणाला होतात, ‘बर्फ अजून आहे, पण तो वर आणायला लागणारी वीज आपल्याकडे उरलेली नाही.’”

आबांनी हातातली बाटली फळीवर ठेवली. ती नीट बसेना.

“शब्दमर्यादा होती,” टिपण दारातून म्हणाला. “शिवाय कोणी हरकत घेतली नाही.”

“मी वाचलं होतं ते,” आबा म्हणाले. “हरकत घेता आली असती. मला ते अर्धंच बरं वाटलं.”

आबा चुकतात हे शाल्मलीला माहीत होतं. ते घाबरतात हे माहीत नव्हतं. ती तिथल्याच स्टुलावर बसली आणि तिनं अहवाल पुन्हा लिहायला घेतला. मध्येच उठून भाजीघरात आईकडे जाऊन आली. आई आधी म्हणाली, “ते कशाला लिहितेस?” आणि थोड्या वेळानं म्हणाली, “लिही. नाव घालून लिही.”

नवा कागद आबांनी डोळ्यांजवळ धरून वाचला.

‘दहा सदस्यांनी आपापल्या परीनं सांगितलं, की पाणी पुरत नाही. नळाचा थेंब सुटायला महिन्यापूर्वी नऊ सेकंद लागत, आता चौदा लागतात. बर्फ आहे, पण तो वर आणायला वीज नाही. भाजीघर सांभाळणाऱ्या वैदेही यांनी मागच्या आठवड्यात सांगितलं : “मी पेला अर्धाच भरते. उरलेलं शाल्मलीच्या बाटलीत ओतते, तिला कळू न देता.”’

आबा तिथंच थांबले. वैदेही त्यांची मुलगी.

“टिपण, तू याचं काय केलं होतंस?”

“‘एका सदस्याने स्वेच्छेने पाण्याची बचत केली.’ हेही खोटं नाही.”

“नाही. खोटं नाही.”

आबांची नजर फळ्यांकडे गेली. फळीवरच्या बाटल्यांवर आबांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, अठ्ठावीस वर्षांच्या.

“आपण गेलो की हे सगळं बंद पडणार,” ते म्हणाले.

“नंतर कोणीतरी येईल, आबा. जास्त वीज घेऊन. त्यांना तुमचं अर्धंच वाक्य मिळालं, तर तेही असेच अडकतील.”

आबांनी कागद टिपणच्या हातात दिला.

“हा असाच पाठव. खाली माझं उत्तर जोड.”

“सारांश करू का?”

“नको. जसंच्या तसं लिही. आमचं इथं जमलं नाही. आम्हाला न्यायला या.”