टाकीचं झाकण

बीएसए मोटरसायकलचं मागचं चाक जाम झालं ते नेमकं पाकपाहान गॅरेजच्या दारात.

लामरियाने हँडल सोडलं आणि बाहीने कपाळ पुसलं. आजोबांची ही गाडी अकरा वर्षं घरामागे, डुकरांच्या खुराड्याला टेकून उभी होती. महायुद्धात परदेशी सैनिकांनी आणलेली. सैनिक गेले, गाडी राहिली. मग आजोबांनी तिला साइडकार जोडली आणि सगळ्या सियांतार शहरभर सवाऱ्या फिरवल्या. आता बाबांनी ती मेदानच्या एका शौकीन माणसाला द्यायचं कबूल केलं होतं. त्याचा ट्रक गल्लीत शिरत नव्हता, म्हणून गाडी बाजारापर्यंत ढकलत न्यायची होती.

पत्र्याखालून एक तरुण बाहेर आला. कोपरापर्यंत ग्रीस, कानावर पेन्सिल.

लामरियाने वर पाटी पाहिली. पाकपाहान. तिचंही कूळ तेच, आणि तिच्या लोकांत एक कूळ म्हणजे भाऊ-बहीण. पुढचं काही विचारायचं राहतच नाही.

“इतो, जरा हात लाव,” बहीण-भाऊ एकमेकांना म्हणतात तसं ती म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. मग तो चाकापाशी उकिडवा बसला.

चाक पाच मिनिटांत सुटलं. पण तो उठेना. त्याने इंजिनावर कान टेकला, पान्याने प्लग काढला आणि तिला सांगितलं की त्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धर. तिने धरला. त्याने किक हळूच खाली दाबली, आणि फस्सकन आलेल्या हवेने तिचा अंगठा उडवून दिला.

“श्वास आहे अजून,” तो म्हणाला. “कोणाला देताय ही?”

लामरिया रसायनशास्त्र शिकलेली मुलगी. पुढच्याच महिन्यात ती सव्वीस किलोमीटर वरच्या चहामळ्याच्या प्रयोगशाळेत रुजू होणार होती. एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. तिने पुन्हा अंगठा लावला. “परत दाब,” म्हणाली. पुन्हा तेच. चौथ्या वेळेला तिने अंगठा तसाच वर धरला आणि म्हणाली, “कोणालाच नाही.”

मेदानचा ट्रक रिकामा परत गेला. बाबा चिडले, पण आजोबांच्या गाडीवर त्यांचाही जीव होताच. त्यांनी अट घातली. जुलैअखेर मेदानकर पुन्हा येणार. तोवर या गाडीने सलग सहा दिवस मळ्यावर जाऊन-येऊन दाखवायचं, एकदाही न ढकलता. जमलं तर गाडी तिची. आणि रोज संध्याकाळी गॅरेजवर जायला त्यांची हरकत नव्हती.

“पाकपाहानच ना? मग भाऊच झाला,” ते म्हणाले.

भावाचं नाव बिन्सार. गॅरेज एका म्हाताऱ्याचं. त्याला सगळी गल्ली मामा म्हणायची आणि बिन्सारही मामाच म्हणायचा. मामा खुर्चीत बसून कॉफी प्यायचे आणि डोळे मिटूनच कोणती गाडी रस्त्यावरून गेली ते सांगायचे. काम सगळं बिन्सारचं.

त्या दोन महिन्यांत लामरियाने पिस्टन हातात धरून पाहिला, तारा बदलल्या, गंजलेल्या टाकीत खडे घालून ती इतकी हलवली की तिचे दंड आठवडाभर दुखले. प्रत्येक भागाला तिचे तीन प्रश्न असत. हा इथेच का? उलटा लावला तर? आणि अजिबात नाहीच लावला तर?

“तुझ्या मळ्यावरच्या लोकांची मला दया येते,” तो म्हणायचा.

“तुला उत्तर येत नसलं की तू दया काढतोस.”

“येतं की. नाही लावला तर तू चालत जाशील.”

ती केळीच्या पानात उकडलेले तांदळाचे गोड लापेत आणायची. त्याचे हात काळे असले की एखादा सोलून त्याच्या तोंडापुढे धरायची. भावाला भरवायला कसली लाज? पण एकदा असंच भरवताना त्याने नजर वर केली, आणि तिला हात कुठे ठेवावा कळेना. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने वहीत लिहिलं, ‘व्हॉल्व्हचं अंतर तपासलं’, आणि वही मिटली. एका कुळात लग्न म्हणजे सख्ख्या भावाशीच लग्न; हे अशक्य होतं. कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती गाडीशीच जास्त बोलू लागली. शेवटची सजावट म्हणून टाकीचं झाकण तिने घरी नेलं आणि तीन संध्याकाळ पॉलिश लावून इतकं घासलं की त्यात तोंड दिसावं. स्वतःचं तोंड तिला उदास दिसलं.

मग चाचणी सुरू झाली. गाडी पहिल्या किकला उठायची, टप्-टप् करत शहराबाहेर पडायची, आणि रबराच्या बागेजवळच्या वळणावर गुदमरून थांबायची. रोज तिथेच. बिन्सार खाली उतरायचा, झाकण उघडून पेट्रोल बघायचा, कार्बोरेटर खोलून पुसायचा, आणि गाडी पुन्हा चालू. तीन दिवसांत त्याने जेट बदलला, नळी बदलली, प्लग बदलला. मामांनी डोळे मिटूनच सांगितलं की दोष कार्बोरेटरचा नाही. कशाचा ते मात्र सांगितलं नाही. मेदानकर यायला आठच दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी गाडी त्याच वळणावर थांबली, तेव्हा लामरिया साइडकारमधून म्हणाली, “हात लावू नकोस. कशालाच.”

दोघं रस्त्याच्या कडेला बसली. रबराच्या झाडांवरून पावसाचे थेंब सावकाश निथळत होते. दहा मिनिटं झाली. तिने किक मारायला सांगितलं. गाडी गप्प. कार्बोरेटर पुसायला सांगितला. तरी गप्प.

“आता फक्त झाकण उघड.”

त्याने झाकण फिरवलं. टाकीने सूं करून हवा आत ओढली, बुडालेल्या माणसाने वर येऊन घ्यावी तशी. पहिल्या किकला गाडी सुरू.

लामरियाने झाकण उन्हाकडे धरलं. वरच्या इवल्या भोकात पांढरं पॉलिश घट्ट बसलं होतं. जेवढं पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरून यायला हवी. ती वाट तिनेच, तीन संध्याकाळ खपून, बुजवली होती.

आधी तो हसला, मग ती. हसता हसता त्याने कानावरची पेन्सिल काढून टोकाने भोक मोकळं केलं, आणि तिच्या गालावर उडालेला चिखल पुसायला हात पुढे केला... हात मध्येच राहिला. ती मागे सरली नव्हती. आपण सरलो नाही, याचीच तिला भीती वाटली.

“इतो,” ती घाईघाईने म्हणाली, मध्ये भिंत घालावी तशी. “तू पाकपाहानांच्या कितव्या पिढीतला? मी कधी विचारलंच नाही.”

आकडा सांगायचं सोडून तो झाकण टाकीवर बसवून उगाच आवळत राहिला. त्यांच्या लोकांत हा आकडा शाळेतल्या पोरालाही पाठ असतो.

आणि मग तिला आठवू लागलं. त्याने तिला एकदाही इतो म्हटलं नव्हतं. कायम नावाने हाक. तो म्हाताऱ्याला मामा म्हणायचा. एकाच कुळातले असते तर काका म्हणाला असता.

“सगळेच त्यांना मामा म्हणतात,” ती हळूच म्हणाली.

“सगळे म्हणतात. माझे ते खरे मामा आहेत,” तो म्हणाला. “आई पाकपाहान. मी सिलालाही कुळातला.”

पाटी मामांची होती. तिने ती वाचली आणि माणसाला विचारायचं विसरली.

“दोन महिने तू...”

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण मग तुझ्या बाबांनी रोज येऊ दिलं नसतं. आणि मला गाडी पुरी करायची होती.”

“गाडी?”

“...गाडीही.”

ती रागावली, आणि मनापासून रागावली. परतीला ती साइडकारमध्ये हाताची घडी घालून बसली. कितीतरी दिवस स्वतःला दोष देत काढले होते तिने. पण उताराला लागताच तिच्या डोक्यात दुसरं गणित सुरू झालं. त्याची आई पाकपाहान. म्हणजे पाकपाहानांचे सगळे पुरुष त्याचे मामा. म्हणजे बाबाही मामा. म्हणजे ती... मामाची मुलगी. पारिबान. जिच्याशी लग्न लावायला म्हाताऱ्या बायका चर्चमध्ये शेजारी बसून कुजबुजतात, ती. तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं, म्हणजे त्याला हसू दिसणार नाही.

पुढचे सहा दिवस ती एकटीच मळ्यावर गेली. गाडी एकदाही थांबली नाही. सहाव्या संध्याकाळी तिने बाबांना गाडीचा हिशेब सांगितला आणि त्याच दमात माणसाचाही. काहीच लपवलं नाही. बाबांचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. त्यांनी चप्पल घातली आणि तडक गॅरेज गाठलं. लामरिया गाडी घेऊन मागोमाग.

बिन्सार उभा राहिला. हात पुसायचंही त्याला सुचेना.

बाबांनी कूळ विचारलं. आईचं विचारलं, तिच्या बापाचं गाव विचारलं, पिढी विचारली. त्याने एकेक उत्तर नीट दिलं, आणि शेवटी, न विचारताच, चूक कबूल केली. खुर्चीत मामांनी डोळे मिटूनच ठेवले होते, पण कॉफी पिणं थांबलं होतं.

बाबा बोटांवर पिढ्या मोजत राहिले. मग साइडकारपाशी गेले, एक पाय आत टाकला आणि गुडघा धरून थांबले.

“बघत काय राहिलास?” ते म्हणाले. “मामाला जरा हात लाव.”

बिन्सारने हात दिला. बाबा आत बसले, आजोबा सवाऱ्यांना बसवायचे तसे ऐसपैस. मेदानकराला काय निरोप द्यायचा ते त्यांनी वाटेत ठरवू म्हटलं.

लामरियाने किक मारली. पहिल्याच फटक्याला गाडी बोलली. ती मागे वळून म्हणाली, “बस.”

तो बसला. तिच्या कानाशी वाकून त्याने विचारलं, आता ती त्याला काय म्हणणार?

तिने आधी टाकीच्या झाकणावरून अंगठा फिरवला. भोक मोकळं होतं.

“बिन्सार,” ती म्हणाली. “घट्ट धर.”