मळलेलं पान

सांगते. फक्त मध्ये थांबवू नका. एकदा थांबले की पुढचं सांगणं मला जमत नाही.

मी मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. दिवसरात्र कापड विणणाऱ्या लूमच्या खटखटाटात झोपणाऱ्या नारपोलीत जन्मून ही अशी कशी निघाली, हा आईला कायमचा प्रश्न. पण खरं सांगू? मला आवाजाची भीती नाही वाटत. आवाज थांबला की वाटते. शुक्रवारी कारखाने बंद असतात. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प होते की शेजारच्या घरातलं घड्याळसुद्धा आपल्या कानाशी येऊन बसल्यासारखं वाटतं.

दिघाशीकडच्या एका लहानशा शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. जूनमध्येच लागले. वर्गात सत्तावीस मुलं, आणि त्यातली एक रिया. सहा वर्षांची, एका वेणीला लाल रिबन आणि दुसरीला निळी. उन्हाळ्यात तिची आई गेली आणि तेव्हापासून ती बोललीच नव्हती. म्हणजे मी तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. हे लक्षात ठेवा.

आमचं चालायचं मात्र छान. बाकावर बोटानं एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "डबा खाल्लास?" टक. "घरी जायचंय?" टक-टक. मग मी हसायचे आणि तीही ओठ मिटून हसायची.

तिला सांभाळायची तिची आजी, राहीबाई. एकदा फाटकाशी मला गाठून म्हणाल्या, "मॅडम, दिवालीपत्तर बोलली तर ठीक. न्हायतर न्हाय धाडायची शालंत. पोरं तिला मुकी बोलतान. त्यापरीस माज्यासंगं घरी बसंल."

"आजी, मी बोलती करते तिला," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे. हातात महिना-दीड महिना होता.

माझी भिस्त चित्रांच्या पुस्तकांवर होती. आमच्या कॉलेजात एक बाई शिकवायच्या की, मुलांसाठी पुस्तक निवडताना कोरं करकरीत घेऊ नका. आधी मुलांनी हाताळलेलं मिळालं तर त्यातलं सगळ्यात मळलेलं पान शोधा. जिथे बोटं थांबली तिथे मूल थांबलं. मोठी माणसं कव्हर बघून निवडतात, मुलं बोटांनी. माझ्या वर्गातलं प्रत्येक पुस्तक मी असंच निवडलं होतं आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

माझा मावसभाऊ मिथुन दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. तिथे परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पडून असतो. "मालकाला विचारलंय," तो फोनवर म्हणाला, "शनिवारी ये आणि शाळेसाठी एक खोका भरून ने. रद्दीतच जाणार आहेत नाहीतरी."

शनिवारी दुपारी गेले. ऑक्टोबरचं ऊन, वर तापलेले पत्रे, आत पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास. कलावतीबाई म्हणून एक बाई खाली बसून माल वेगळा करत होत्या. मी पुस्तकं चाळत होते. हत्ती, ढग, भाजीबाजार. पण सगळी कोरी. कुणाचं बोटच लागलेलं नाही. कोपऱ्यात एक खोका वेगळा ठेवलेला दिसला, त्याच्याकडे वळले.

"त्यातलं नको, बाय," कलावतीबाई हातातलं काम न थांबवता म्हणाल्या.

"का?"

"त्यो खोका जातो नि येतो. तिसऱ्यांदा आलाय. कोन परत धाडतं त्याची चिठ्ठी न्हाय, पत्ता न्हाय."

मिथुन हसला. "कलावतीबाई, हिला काय पण सांगू नका. ही झुरळाशी पण अहो-जाहो करून बोलते."

तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले. अर्ध्या शटरखालून येणारी उजेडाची पट्टी तेवढी उरली. एवढं मोठं गोडाऊन, आणि मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मला तिथून लवकर निघायचं होतं म्हणून घाईघाईनं त्या खोक्यात हात घातला आणि वरचंच पुस्तक उजेडात धरलं.

जाड पानं, वर चकचकीत प्लास्टिकचा थर. गोष्ट साधीच होती. एक मुलगी, तिची कोंबडी हरवलेली. ती घरोघर जाऊन विचारते, "कुणी आहे का घरात?" प्रत्येक दारी कुणी ना कुणी असतं. म्हातारा, मांजर, शिंपीणबाई. शेवटच्या पानावर एक बंद खिडकी. मुलगी पाठमोरी उभी. विचारते, "कुणी आहे का घरात?" आणि पुस्तक संपतं. कोंबडी सापडतच नाही.

ती खिडकी मळलेली होती. बोटांचे डागच डाग. लहान लहान, एकावर एक, काच काळी दिसावी इतके. पुस्तकाला वास येत होता, थुंकीनं पाटी पुसल्यावर येतो ना, तसा. माझा जीव हरखला. इतकं मळलेलं पान मी आजवर पाहिलं नव्हतं. किती मुलं थांबली असतील इथे.

ओढणीचं टोक ओलं करून पुसून बघितलं. डाग हलेना. नखानं खरवडलं. नख सुळकन घसरलं. डाग प्लास्टिकच्या खाली होते. छपाईच्या वेळी कुणाचा तरी हात लागला असेल, असं मी मनाशी म्हटलं. घाबरट माणसाला अशी कारणं फार पटकन सुचतात.

बाकीचा खोका कोऱ्या पुस्तकांनी भरला. हे एक मात्र पर्समध्ये ठेवलं, रियासाठी.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाकीची मुलं मैदानात होती. रिया माझ्या शेजारी सतरंजीवर. मी पान उलटून विचारायचे आणि तिची वाट बघायचे. आमच्या शिकवण्याची ती रीतच आहे. पुस्तकातला प्रश्न मुलालाच विचारायचा आणि गप्प बसायचं, मूल कधीतरी उत्तर देतं. म्हातारा आला, मांजर आलं. रिया नुसती बघत होती. शेवटचं पान आलं. तिनं डोकं जरा पुढे केलं.

मी हळू आवाजात विचारलं, "कुणी आहे का घरात?"

रियानं बोट उचललं. खिडकीवर, बरोबर त्या डागांवर ठेवलं.

टक.

एकदाच.

मैदानातला गलका जणू कुणी पदराखाली झाकला. रियाचं बोट तिथेच टेकलेलं. आणि मग तिचे ओठ उघडले.

"मॅडम, मला तहान लागली."

मी रडले. खरंच, ढसाढसा. तिला कवटाळलं, पाणी दिलं. पूर्ण बाटली रिकामी करून तिनं दुसरी मागितली, मग तिसरी. आवाज जरा जाडसर वाटला, घोगरा. इतके महिने गप्प होती, घसा बसला असेल. तिला बाकावर टकटक करायला सांगितलं नाही, आता गरजच काय होती?

शाळा सुटली. फाटकाशी राहीबाई उभ्या होत्या. मला धीरच नव्हता, मी लांबूनच म्हटलं, "आजी, ऐका तर खरं तुमची नात!"

रिया पुढे झाली. "आजी, चल घरी."

राहीबाईंचा पुढे आलेला हात हवेतच राहिला. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं. मला बाजूला ओढून त्या पुटपुटल्या...

"मॅडम... ही कोन?"

"अहो, रिया..."

"माजी रिया मला आजी न्हाय बोलायची. आय बोलायची. जल्मापास्नं आय." त्या माझ्या आणखी जवळ सरकल्या. "आनि ह्यो आवाज... ह्यो तिचा न्हाय, मॅडम. मी ऐकलाय ना तिचा. तुमी न्हाय ऐकला."

मी नव्हता ऐकला.

पोर दोन पावलांवर उभी राहून आमच्याकडे बघत होती. हसत होती, दात दाखवून.

राहीबाई तिला घेऊन गेल्या. काय करणार? रिबनी त्याच, कानामागचा तीळ तोच. पण हात धरला नाही त्यांनी. आजी पुढे, आणि पोर चार हात मागे, बडबडत.

मी वर्गात धावले. पुस्तक सतरंजीवर उघडंच होतं. खिडकीवरचे डाग तसेच. फक्त सगळ्यात वर एक नवा होता, एका बोटाचा, अजून ओलसर दिसणारा. मी त्यावर बोट फिरवलं. वरून गुळगुळीत, कोरडं. आतून लागलेला.

मंगळवारी, बुधवारी ती शाळेत आली. खूप बोलली. कविता म्हणाली, पाढे म्हणाली. बाकीची मुलं खूश. मी एकदा हळूच विचारलं, "रिया, डबा खाल्लास?" आणि तिच्या बोटाकडे बघत राहिले. बोट हललं नाही. "खाल्ला की," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, "तुम्ही माझ्या बोटाकडे का बघता?"

गुरुवारी राहीबाई मला भेटायला थांबल्या नाहीत. लांबूनच हात जोडले. आभार मानत होत्या की विनवत होत्या, मला कळलं नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली. पुस्तक मी घरी आणलं होतं, कपाटात, साड्यांच्या घडीखाली. जाळायचा विचार दोनदा आला. पण जाळलं तर... आत जे आहे त्याचं काय, या विचारानं काडी पेटवता आली नाही. आई कामावर गेलेली. दुपारचा एक वाजला असेल. लूम बंद. गल्ली बंद. शेजारचं घड्याळ माझ्या कानाशी.

आणि कपाटातून आलं.

टक-टक.

मी जागची हलले नाही. लाकूड वाजतं कधी कधी, उन्हानं. थोड्या वेळानं पुन्हा.

टक-टक.

दोनदा म्हणजे नाही. 'नाही' असं कोण म्हणतंय, कशाला म्हणतंय, मला कळायच्या आतच माझ्या तोंडून निघालं.

"रिया?"

टक.

मी कपाटाजवळ गेले. दार उघडायची हिंमत नव्हती. दाराला कपाळ टेकलं. आतून पाटी पुसल्याचा वास येत होता. मला तिला धीर द्यायचा होता. मी इथेच आहे, तुला बाहेर काढते, असं काहीतरी. पण मुलांशी बोलताना आपण आधी जे विचारतो तेच आलं तोंडात, लांब जाणाऱ्या बसमध्ये बसलेल्या मुलाला विचारावं तसं...

"बाळा... एकटीच आहेस का गं तिथे?"

मी कान दाराला लावला.

मग, टक.

मी श्वास सोडला.

आणि आणखी खालून, जड, तिच्या नसलेल्या एका बोटानं, पुन्हा एकदा.

टक.